कोरीडोरासला उरलंसुरलं पुरत नाही
कोरीडोरास (थोडक्यात कोरी) म्हणजे फिशटँकच्या तळाशी राहणारे छोटे मिशीवाले मासे. काहीजण म्हणतात की कोरी तळाचं उरलंसुरलं खातात मग वेगळं खायला कशाला, तर प्लीज तसं नका करू, टेट्रा-गप्पीसारखे वर पोहणारे मासे फ्लेक्स (पापुद्र्यांसारखं खाद्य) खाली पोचूच देत नाहीत आणि बिचारे कोरी हळूहळू खंगत जातात. पोट आत गेलेलं दिसलं की समजायचं कमी पडतंय, किंचित गोल हवं. लाइट बंद केल्यावर बुडणाऱ्या पेलेट्स (खाद्याच्या गोळ्या) दोन-तीन ठिकाणी टाका, वरचे मासे तेव्हा सुस्तावलेले असतात. अधूनमधून फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) द्या. आणि खाली बारीक वाळूच हवी हो, तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून सोडत ते अन्न कसं शोधतात बघाच एकदा, धारदार खडीने मिशांना इजा होते. एकटादुकटा ठेवू नका, किमान 6 हवेत. सकाळी उरलेलं काढून टाका, नाहीतर ते कुजून पाण्यात विषारी अमोनिया वाढतो.