वाहतुकीचा दंड कशासाठी: तिजोरीसाठी की झेब्रा क्रॉसिंगवरच्या माणसासाठी?

पायवाट
वाहतूक पोलिसांनी दंड करूच नये असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. दंड हवाच. पण दंड करणाऱ्याच्याच तिजोरीत तो पैसा जाऊ नये आणि पावत्यांच्या आकड्यावरून कारवाई मोजू नये, असं माझं ठाम मत आहे.

आकडा गाठायचा असला की पोलीस सोपी जागा शोधतो. उताराच्या पायथ्याशी, वेगमर्यादा ६० वरून एकदम ४० वर येते त्या पाटीच्या जरा पुढे. तिथे पायी चालणारं कुणी नसतं. सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर मात्र वळणाऱ्या गाड्या थेट पट्ट्यांवर चढतात. हातात पिशवी घेतलेली म्हातारी एक पाय रस्त्यावर, एक फुटपाथवर ठेवून ताटकळते, आणि तिच्यासाठी तिथे कुणीही उभं नसतं. पादचाऱ्याला वाट न दिल्याची केस करायला वेळ लागतो, तेवढ्यात वेगाच्या कितीतरी पावत्या फाडून होतात.

अमेरिकेतल्या फर्ग्युसन शहराबद्दल तिथल्या न्याय खात्याने २०१५ मध्ये अहवाल दिला. पोलिसांची कारवाई सुरक्षिततेपेक्षा महसुलाच्या मागे होती, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. रस्त्यावरून पायी ‘कसं चाललात’ यासाठीही तिथे केसेस होत आणि त्यातले ९५ टक्के लोक कृष्णवर्णीय होते. ज्याला जपायचं, त्यालाच पकडायचं!

चारचाकी
नियम मोडलाच नाही तर पावती येईल कशी? पैसा कुठल्या खात्यात जातो याने झेब्रावरच्या माणसाला काय फरक पडतो?

साधा हिशोब बघा. समोर कुणी आलं की ब्रेकवर पाय जायला साधारण एक सेकंद लागतो. ५० च्या वेगाला तेवढ्यात गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते. ३० च्या वेगाची गाडी साधारण तेवढ्याच अंतरात पूर्ण थांबते. म्हणजे एक जण थांबलाय, तिथे दुसऱ्याचा ब्रेक आत्ता कुठे लागतोय. हा फरक वचकाने पडतो आणि वचक दंडाने बसतो. ब्रिटनने २००० पासून दंडाच्याच पैशातून कॅमेऱ्यांचा खर्च भागवला आणि कॅमेऱ्यांच्या जागी गंभीर अपघात कमी झाले. तुमच्या नियमाने ते कॅमेरे लागलेच नसते.

पायवाट
ब्रिटनचं उदाहरण पूर्ण सांगा ना. तिथे कॅमेरा कुठे लावायचा याला अट होती: त्या पट्ट्यात आधी गंभीर अपघात झालेले असले पाहिजेत. कॅमेरा पिवळा, लांबून दिसणारा हवा. आणि २००७ मध्ये दंडाचा पैसा थेट कॅमेऱ्यांकडे वळवणं त्यांनीच बंद केलं. कॅमेरे राहिले.

अशी अट नसली की काय होतं ते अमेरिकेतल्या शिकागोत, सिग्नल तोडणाऱ्यांना पकडणाऱ्या कॅमेऱ्यांवर दिसलं. पिवळा दिवा ठरलेल्या ३ सेकंदांपेक्षा किंचित आधी गेला तरी पावत्या निघत होत्या. २०१४ मध्ये हे बाहेर आलं. सेकंदाच्या त्या दहाव्या भागात कुणाचा जीव वाचला?

खाकीतली वर्षं
नोकरी वाहतूक शाखेतच गेली, म्हणून लिहितो. चौकात भर उन्हात शाळेची मुलं पार करून दिली, तर संध्याकाळी रजिस्टरमध्ये त्याला रकाना नसतो. साहेब विचारणार, “केसेस किती?” जो अपघात झालाच नाही, तो दाखवायचा कसा? शिपायाला लोभी म्हणू नका, त्याला जे विचारतात तेच तो करतो. पायवाट यांच्याशी सहमत.

कडेकडेने
दोघेही पोलिसांवरच अडकलात. रस्ता रुंद आणि सरळ ठेवला की पाय ॲक्सिलरेटरवर जाणारच. नॉर्वेतल्या ऑस्लो शहराने वेगमर्यादा उतरवल्या, मध्यभागातलं पार्किंग काढलं. २०१९ मध्ये तिथे एकही पादचारी वा सायकलस्वार दगावला नाही.

चारचाकी
ऑस्लो मान्य, पण रस्ते बदलायला वर्षं जातात, तोवर काय? आणि पादचारी कुठूनही घुसतात, त्यांनाही दंड लावा की.

पायवाट
कॅलिफोर्नियाने २०२३ पासून, टक्कर होण्याचा तत्काळ धोका नसेल तर भलतीकडून रस्ता ओलांडणाऱ्याला अडवणं बंद केलंय. क्रॉसिंग लांब असलं की माणूस मधूनच जातो. तिथे क्रॉसिंग द्या, पावती नको.

‘तोवर काय’ याला माझं उत्तर: प्रत्येक कॅमेऱ्याच्या जागी आधी किती माणसं जखमी झाली, नंतर किती, हे दरवर्षी जाहीर करा. आकडा उतरत नसेल तर कॅमेरा तिथून हलवा, कमाई कितीही असो.

चारचाकी
आणि कमाईही भरपूर, अपघातही कमी, असं दिसलं तर?

पायवाट
तर कॅमेरा तिथेच राहू दे, आणि पैसा त्याच रस्त्याच्या फुटपाथला लावा. कडेकडेने यांचं कामही त्यातूनच सुरू होईल.

चारचाकी
यावर माझी हरकत नाही. फक्त ती जाहीर करायची यादी पोलिसांनी स्वतः बनवायची नाही, दुसऱ्या कुणीतरी तपासायची.