मदत हवी आहे: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, ९२,००० किमी, एकदाही बदललेलं नाही

मंडळी,

बाबांची गाडी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. पेट्रोल, ६ स्पीड ऑटोमॅटिक, ११ वर्षं जुनी, ९२,००० किमी. बाबांनी गाडीची वही ठेवली आहे. टायरमध्ये हवा कधी भरली इथपर्यंत नोंदी आहेत, पण गिअरबॉक्स ऑइलचा उल्लेख एकदाही नाही. विचारलं तर म्हणाले, "त्याला काही करावं लागत नाही, पुस्तकातच लिहिलंय."

आता त्रास असा की ५५ ते ६५ च्या वेगात, सपाट रस्त्यावर, पाय हलका असताना गाडी दोन-तीन सेकंद थरथरते. रम्बलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी. जोरात पाय दिला की थांबते.

तिघांनी तीन सांगितलं. एका गॅरेजचं म्हणणं, ऑइल लाइफटाइम आहे, विसरा. दुसऱ्याला मशीन लावून पूर्ण फ्लश करायचा आहे, तोही डेक्स्रॉन ३ (जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्स ऑइल मानकाची जुनी आवृत्ती) वापरून, कारण त्याच्याकडे त्याचा बॅरल आहे. पुस्तिकेत डेक्स्रॉन ६ लिहिलंय असं म्हटलं तर उत्तर मिळालं, "ताई, लाल ते लाल." आणि मावसभाऊ म्हणतो, इतक्या किलोमीटरनंतर ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो, हात लावू नकोस.

इंजिन ऑइल मी स्वतः बदलते, त्यामुळे पाना हातात धरायची भीती नाही. पण इथे डिपस्टिकच नाही! कुठलं ऑइल, किती, आणि लेव्हल बघायची कशी?

---

न्यूट्रल

आधी थरथर गिअरबॉक्सचीच आहे का ते बघा. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, थरथर सुरू झाली की डाव्या पायाने ब्रेक नुसता टेकवा, ब्रेकचा दिवा लागेल एवढाच. बहुतेक गाड्यांत त्याने टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप क्लच, म्हणजे दोघांना थेट जोडून धरणारा क्लच, सुटतो. थरथर तिथल्या तिथे गेली तर संशय लॉकअपवर, म्हणजे बऱ्याचदा दमलेल्या ऑइलवर. गेली नाही तर आधी प्लग आणि कॉइल तपासा. मिसफायरिंगला (इंजिनात पेट्रोल नीट न पेटणं) गिअरबॉक्स समजून खर्च केलेले लोक मी पाहिले आहेत.

आणि हो, नक्की टॉर्क कन्व्हर्टरवालाच आहे ना? हल्ली क्लच पेडल नसलं की सगळ्यालाच ऑटोमॅटिक म्हणतात. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला गिअरबॉक्स) असेल तर त्याचं फ्लुइड वेगळं. तिथे पोलादी पट्टा पोलादी पुलीला घर्षणाने धरून चालतो, साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) घातलं तर वाट लागते. ड्युअल क्लचचं आणखी वेगळं. एएमटी तर मुळात मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं.

---

धागाकर्ती

टॉर्क कन्व्हर्टरच आहे, पुस्तिकेत तसं स्पष्ट आहे. ब्रेकची युक्ती चारदा करून पाहिली, चारही वेळा थरथर लगेच गेली.

---

तेलकट हात

मग आता ऑइलचं बोलू. "लाल ते लाल" म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका. लाल हा नुसता रंग आहे. गळती झाली तर इंजिन ऑइलपासून वेगळी ओळखू यावी म्हणून टाकलेला. त्यावरून आतल्या रसायनाचा काही पत्ता लागत नाही.

डेक्स्रॉन ३ आणि ६ यांत दोन फरक आहेत. एक, जाडी. १०० अंशांना ३ ची साधारण ७ ते ७.५ सेंटीस्टोक (जाडीचं माप), ६ ची साधारण ६. तुमच्या गिअरबॉक्सचे व्हॉल्व्ह आणि सोलेनॉइड (ऑइलचा दाब हवा तिकडे वळवणारे भाग) पातळ ऑइल धरून जुळवलेले आहेत. दुसरा फरक मोठा. ३ नवीन असताना जाड असतं आणि वापरून वापरून पातळ होतं, ६ पहिल्यापासून पातळ आणि बराच काळ तसंच राहतं. शिवाय लॉकअप क्लच सतत किंचित घसरत ठेवायचा, पण थरथरू द्यायचा नाही, हे काम ऑइलमधल्या घर्षण सुधारकांचं (घर्षण हवं तेवढं ठेवणारी रसायनं). तुमची तक्रार नेमकी तीच आहे.

जनरल मोटर्सने डेक्स्रॉन ३ चे परवाने २००६ च्या अखेरीस बंद केले. त्यानंतर बनलेल्या डब्यावर ३ लिहिलेलं असेल तर तो बनवणाऱ्याचा दावा, मूळ कंपनीची मान्यता नव्हे. ३ मागणाऱ्या जुन्या गाडीत ६ चालतं, उलट मात्र चालत नाही. आणि ६ च्या पुढचं यूएलव्ही म्हणून आणखी पातळ आलंय, "नवीन म्हणजे चांगलं" म्हणून तेही घेऊ नका. डब्यावर डेक्स्रॉन ६ चा परवाना क्रमांक बघा. "६ साठी योग्य" एवढंच लिहिलं असेल तर दुसरा डबा उचला. ब्रँड कुठला, यावर मी रात्र जागवणार नाही.

(विषयांतर: १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या घर्षण सुधारकाचं काम स्पर्म व्हेलचं तेल करायचं. अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि रसायनवाल्यांची पळापळ झाली.)

---

चौथा गिअर

लाइफटाइम हा शब्द गाडी विकणाऱ्यांचा. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी बदला म्हणते. पुस्तिकेत बारीक अक्षरात "कठीण वापर" असं काहीतरी सापडेल. गर्दीत थांबत-थांबत चालवणं, घाट, ओझं ओढणं हे सगळं त्यात येतं. म्हणजे उरलं काय?

मावसभावाच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे. क्लच आधीच घासून संपलेले असतील तर जुन्या ऑइलमधल्या भुकटीच्या जोरावर ते कसेबसे धरतात, आणि नवीन ऑइल घातल्यावर सोडून देतात. पण तो गिअरबॉक्स तसाही जाणारच होता. तुमची गाडी गिअर टाकल्यावर लगेच घेते का? चढावर आरपीएम वाढून वेग तसाच राहतो, असं होत नाही ना? नसेल तर बिनधास्त बदला. फ्लश मात्र नको. दाब देऊन साचलेला गाळ हलवायचा आणि तो व्हॉल्व्ह बॉडीच्या (हे व्हॉल्व्ह बसवलेला भाग) बारीक वाटांमध्ये अडकवायचा, हा उद्योग इतिहास माहीत नसलेल्या गाडीवर करू नये. नुसतं ड्रेन करून भरा, दोन-तीनदा.

---

धागाकर्ती

घसरत नाही, लगेच घेते. पण पुस्तिकेत एकूण क्षमता ८ लिटर आहे आणि ड्रेन केल्यावर जेमतेम ३ लिटर निघतं असं वाचलं. मग बाकीचं घाण ऑइल आतच ना?

---

तेलकट हात

हो, ते कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये आणि व्हॉल्व्ह बॉडीत राहतं. समजा दर वेळी ३.२ लिटर निघालं. पहिल्या खेपेला ४०% नवीन, दुसऱ्या खेपेनंतर ६४%, तिसऱ्यानंतर ७८%. मध्ये काहीशे किलोमीटर चालवा. पुरे तेवढं, चौथ्या खेपेत फारसं काही हाती लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ड्रेन प्लगला (खालचं, ऑइल काढायचं बूच) हात लावण्याआधी फिलर प्लग (ऑइल भरायचं बूच) उघडून बघा. तो गंजून बसलेला असला आणि खालून तुम्ही सगळं काढून टाकलेलं असलं, तर गाडी हलवता येणार नाही. दुसरं, निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात मोजा आणि आधी तेवढंच भरा.

लेव्हलचं असं की डिपस्टिक नसलेल्या गाड्यांत ओव्हरफ्लो प्लग असतो, तो उघडला की पातळीच्या वरचं ऑइल बाहेर येतं. गाडी चारही बाजूंनी समपातळीत हवी, नुसता पुढून जॅक लावून चालणार नाही. इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, लीव्हर प्रत्येक गिअरवर काही सेकंद न्यायचा, मग पी. स्कॅनरवर (गाडीच्या कंप्युटरला जोडायचं यंत्र) ऑइलचं तापमान बघायचं. पुस्तिकेत दिलेल्या तापमानाला आलं की प्लग उघडायचा. बऱ्याच गाड्यांत ते ३५ ते ४५ च्या आसपास असतं, पण तुमचा आकडा तुमच्या पुस्तिकेतून घ्या. धार लागली तर ती थेंब-थेंब होईपर्यंत वाहू द्या. काहीच आलं नाही तर कमी आहे, वरून घाला. ऑइल तापलं की फुगतं, म्हणून ७० अंशांना बघितलं तर चांगलं ऑइल वाहून जाईल आणि गाडी कमी ऑइलवर चालेल. लोक ब्रँडवर भांडतात आणि इथे चुकतात.

चालू गाडीखाली जायचं असल्यामुळे जॅकवर विसंबू नका. लिफ्ट किंवा खड्डा मिळाला तर उत्तम.

---

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)

झालं! ओळखीच्या एका गॅरेजची लिफ्ट तासाभरासाठी मिळाली. फिलर प्लग खरंच बसला होता. लांब दांड्याचा पाना आणि गंज सोडवणारा स्प्रे यात अर्धा तास गेला. धन्यवाद, नाहीतर रडले असते.

३.३ लिटर निघालं. जवळपास काळं, पण जळका वास नव्हता. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप होता. हे वाईट आहे का? वॉशर नवीन टाकला. लेव्हल ४० अंशांना पाहिली, थोडं वाहिलं आणि थांबलं.

थरथर गेली नाही, पण रोजच्याऐवजी आता आठवड्यातून एक-दोनदा. मात्र सकाळी गार गाडीत १ वरून २ वर जाताना हलका झटका बसतो, तो आधी नव्हता.

---

न्यूट्रल

मऊ करडा लेप म्हणजे क्लचची नेहमीची झीज, पुसून टाका. बोटाला टोचणारे चकचकीत कण मिळाले असते तर काळजी होती. ऑइल दुधट गुलाबी असतं तर त्याहून जास्त, कारण मग कूलरमधून कूलंट आत येतंय.

झटक्याचं म्हणाल तर गिअरबॉक्सचा कंप्युटर जुन्या ऑइलच्या हिशेबाने दाब देतोय. तो स्वतः शिकतो, काहीशे किलोमीटर द्या. अडॅप्टेशन (त्याने शिकलेलं) रीसेट करायची घाई नको, आधी उरलेल्या दोन खेपा होऊ देत. तिसरीनंतरही थरथर राहिली तर ती ऑइलची नाही, लॉकअप क्लचची समजा.

---

धागाकर्ती

ठीक, दुसरी खेप पुढच्या महिन्यात. तोवर एक शंका: फिलर प्लगच्या आट्यांना ग्रीस लावून ठेवलं तर चालेल का? पुन्हा तो अर्धा तास नको.

---

तेलकट हात

ग्रीस नको, आत गेलं तर ऑइलमध्ये मिसळेल. आटे ब्रशने साफ करा, एटीएफचाच एक थेंब लावा आणि टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्याएवढंच आवळा. मागच्या वेळी कोणीतरी जोर दाखवला असणार, गंजाचं निमित्त.