मदत हवी आहे : जुन्या गाडीचं इंजिन करावं की गाडीच बदलावी? (बडोदा)

गाडी २०११ची पेट्रोल हॅचबॅक, पहिलीच मालकी, १ लाख १८ हजार किमी. नोंदणीची १५ वर्षं येत्या डिसेंबरात भरतात. पुढच्या ५ वर्षांसाठी नूतनीकरण करायचं तर आधी फिटनेस तपासणी आलीच.

सकाळी स्टार्ट केली की निळसर धूर येतो आणि ऑइल कमी होतं. कुठे गळती नाही. प्लग आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ परत आत ओढून घेणारी झडप) बदलले, काही फरक नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासलं तर तिसरा सिलिंडर कमी दाखवतो. त्यात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजल्यावर आकडा वर आला, म्हणजे व्हॉल्व्हपेक्षा पिस्टनच्या रिंगांचाच दोष दिसतो. मेकॅनिक हाफ इंजिनचे (इंजिन उघडून रिंगा वगैरे बदलण्याचे) ३८ हजार सांगतोय. माणूस विश्वासातला आहे, त्यामुळे तेवढ्यासाठी मी तयारही होतो.

पण काळजी वेगळीच आहे. ऑगस्ट २०२४च्या विश्वामित्रीच्या पुरात गाडी दारापर्यंत पाण्यात होती. परवा ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट काढली, तर पत्रा पापुद्र्यासारखा सुटला आणि स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. जॅक लावतो तिथली कडही मऊ लागते.

वापर रोज मकरपुऱ्यापर्यंत. बाबांना दुचाकीवर बसवत नाही, म्हणून गाडी हवीच. कर्ज नको, जुनी घेतली तर ४ लाखांपर्यंत जमेल. जुनी गाडी मोडीत दिल्याच्या स्क्रॅप प्रमाणपत्रावरची करसवलत नव्या गाडीलाच, म्हणून तो हिशेब धरलेला नाही.

पुरातल्या गाडीचा फ्लोअर कापून नवा पत्रा वेल्ड केलेल्यांना विचारतो : काम किती वर्षं टिकलं, फिटनेसला अडचण आली का, आणि इंजिनला हात लावण्याआधी आणखी कुठला भाग उघडून बघावा?