मदत हवी आहे: पहिल्या महायुद्धात आजाराने गेलेल्या शिपायाची नोंद

नमस्कार मंडळी. आम्ही पेडण्याचे. पणजोबांचे थोरले भाऊ सावंतवाडीला जाऊन मराठा पलटणीत भरती झाले (गोव्यात तेव्हा पोर्तुगीज, त्यामुळे इथल्या दप्तरात काही सापडेलसं वाटत नाही) आणि १९१६ साली मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) वारले. गोळीने नव्हे, तापाने किंवा हगवणीने, असं घरात सांगतात. त्या आघाडीवरची रोगराई बघता पटण्यासारखं आहे.

पुरावा एकच: मेलेल्या शिपायांच्या घरी सरकार पाठवत असे ती बशीएवढी काशाची चकती. ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री), सिंह आणि चौकटीत नुसतं नाव. हुद्दा नाही, पलटण नाही, नंबर नाही. 'पदकाची कड बघा, तिथे नंबर-पलटण कोरलेली असते' असं कुणी सुचवेल. चांदीचं पदक आजीच्या काळातच सोनाराकडे गेलं.

युद्धात गेलेल्यांच्या कबरी-स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर शोधून झालं. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ दरम्यान सेवेत असताना आलेला मृत्यू, कारण काहीही असो, ते धरतात, म्हणून आशा होती. पण त्याच नावाचे ढीगभर शिपाई निघतात, आणि स्पेलिंग कारकुनाच्या मर्जीचं! मेसोपोटेमियात गेलेल्यांच्या बसरा स्मारकावर तर साध्या हिंदी शिपायांची नावंच कोरलेली नाहीत, पलटणीपुढे फक्त आकडा.

बेळगावला मराठा पलटणीच्या केंद्रात जाता येईल, लंडनच्या दप्तरखान्यात नाही. पैसे घेऊन शोधून देणारे कृपया नकोत.

नंबर नसताना नाव, वडिलांचं नाव, गाव आणि वर्ष एवढ्यावरून पलटण ठरवता येते का? आणि मृत्यूचं कारण, म्हणजे आजार, अपघात की कैद, नेमकं कोणत्या कागदात लिहीत असत?