सशाच्या किडनीची स्लाइड परवा कॉन्फरन्सला मांडायचीय, डायग्नोसिस बरोबर आहे का?

काचपट्टी:
नमस्कार सगळ्यांना. मी व्हेटर्नरी पॅथॉलॉजीत पीजी करतेय, दुसरं वर्ष. परवा स्लाइड कॉन्फरन्स आहे, विषय किडनी. चार केसेस आहेत, तीन कुत्र्या-मांजरांच्या आणि चौथी सशाची, आणि सशाची माझ्या वाट्याला आलीये. पद्धत नेहमीचीच, स्लाइड आणि दोन ओळींची हिस्ट्री आधी मिळते, मग सगळ्यांसमोर डिस्क्रिप्शन वाचायचं, मॉर्फॉलॉजिक डायग्नोसिस आणि कारण सांगायचं आणि त्यानंतर मॉडरेटर जे विचारतील त्याची उत्तरं द्यायची.

हिस्ट्री एवढीच दिलीये की मोठा नर ससा, संध्याकाळी नीट खात होता, सकाळी पिंजऱ्यात मेलेला सापडला, त्याच शेडमधले अजून काही ससे दोन दिवसांत गेले. सोबत किडनीचा एक फोटो आहे, वरचा पृष्ठभाग गुळगुळीत नाहीये, बारीक बारीक खळगे पडलेत, ओल्या मातीवर टपोरे थेंब पडून गेल्यावर दिसतं ना अगदी तसं.

स्लाइडवर लो पॉवरला प्रत्येक खळग्याखालून कॅप्सूलपासून (वरचं आवरण) मेड्युलाकडे (आतला भाग) जाणारा फिका पट्टा दिसतो. त्या पट्ट्यात ट्यूब्यूल्स, म्हणजे किडनीतल्या बारीक नळ्या, गेल्यात किंवा फुगून सिस्टसारख्या झाल्यात, मधे फायब्रोसिस, लिम्फोसाइट्स आणि प्लाझ्मा सेल्स भरपूर, दोन-तीन ठिकाणी एपिथेलिऑइड मॅक्रोफेजेसचे छोटे पुंजके. म्हणून मी क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस इंटरस्टिशियल नेफ्रायटिस लिहिलं आणि कारण एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली, म्हणजे सशांच्या किडनीत आणि मेंदूत राहणारा सूक्ष्म परजीवी. पण काल तीन तास ऑइल इमर्शनवर बसून त्याचा एकही स्पोर (बीजाणू) सापडला नाही. तरी ठामपणे सांगू का? आणि अजून एक, सशाची किडनी म्हटली की सगळे लगेच क्युनिक्युलीचंच नाव का घेतात, दुसरं काही होतच नाही का?

जुना_पॅथॉलॉजिस्ट:
डिस्क्रिप्शन छान झालंय, पट्टे आणि खळगे एकमेकांशी जोडून बघितलेस हे विशेष आवडलं. स्पोर नाही सापडले म्हणून घाबरू नकोस. संसर्गानंतर साधारण महिनाभराने ते लघवीत पडायला लागतात, पुढे दोन-अडीच महिन्यांत बहुतेक थांबतं, आणि किडनीत मागे उरतो तो व्रण. तुझ्या स्लाइडवर फायब्रोसिस एवढं आहे म्हणजे गोष्ट जुनी आहे. मेड्युलात कलेक्टिंग डक्टच्या एपिथेलियममध्ये एकदा नीट बघ, तिथे कधीकधी पेशीच्या आत गठ्ठ्याने बसलेले असतात आणि आजूबाजूला काहीच सूज नसते, पेशी फुटली की मग दाह सुरू होतो, त्यामुळे जिथे दाह जास्त तिथेच शोधत बसलं तर हाती काही लागत नाही.

पण मला खरी काळजी वेगळीच वाटतेय. तू हिस्ट्री वाचलीस आणि बाजूला ठेवलीस. संध्याकाळी खाणारा ससा सकाळी मेलेला, आणि एकटा नाही, शेडमधले बाकीचेही. हे व्रण कित्येक महिन्यांचे असणार, मग ते एका रात्रीत कसे मारतील? किडनी एवढी खराब होऊन मेला असता तर आधी वजन उतरलं असतं, पाणी जास्त प्यायला असता, खाणं सुटलं असतं. तू जे लिहिलंयस ते खरं आहे पण त्या सशाच्या मरणाशी त्याचा संबंध आहे का हे अजून कुणी बघितलेलंच नाही. आता एक कर, व्रण विसरून जा आणि जो कॉर्टेक्स (किडनीचा बाहेरचा थर) तुला नॉर्मल वाटला त्यातले ग्लोमेरुलाय, म्हणजे रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे पुंजके, हाय पॉवरवर एक एक करून बघ. काय दिसतं ते इथे लिही, मी मुद्दाम सांगत नाहीये.

ससेवाली_डॉक्टर:
मी क्लिनिकच्या बाजूने लिहिते, माझ्याकडे रोज ससेच येतात. क्युनिक्युलीचं नाव लगेच निघतं कारण ते आहेच खूप पसरलेलं. 1922 मध्ये पिल्लांच्या लुळेपणावरून त्याचं पहिलं वर्णन झालं आणि आजही ससा मान वाकडी करून आला, मागचे पाय ओढायला लागला किंवा डोळ्यात लेन्स फुटून पांढरा गोळा दिसला की आम्ही सगळे आधी तिकडेच वळतो. पण रक्तात त्याच्याविरुद्धची आयजीजी अँटीबॉडी सापडणं म्हणजे कधीतरी संपर्क आलाय एवढंच, धडधाकट ठणठणीत सशांमध्येही ते सापडतं. मला याचं फार वाईट वाटतं की अँटीबॉडीचं टायटर पॉझिटिव्ह आलं की पुढचा शोध तिथेच थांबतो. माझ्याकडे एक मान वाकडी असलेली मादी आली होती, दुसरीकडे 28 दिवस क्युनिक्युलीवरचं औषध फेनबेंडाझोल देऊन झालेलं, सुधारणा शून्य, आणि मधल्या कानात पू भरलेला होता. कुणी कानाचा एक्सरेसुद्धा काढला नव्हता.

किडनीबद्दल विचारलंस म्हणून सांगते, सशाचं कॅल्शियमचं गणितच निराळं आहे. बाकीचे बहुतेक सस्तन प्राणी 2 टक्क्यांपेक्षा कमी कॅल्शियम लघवीतून टाकतात, ससा 45 ते 60 टक्के टाकतो, आतड्यातून जेवढं शोषलं जाईल तेवढं आणि जादाचं सगळं किडनीवर. म्हणून निरोगी सशाची लघवीसुद्धा गढूळ असते. किडनी बिघडली की हे बाहेर टाकणं अडतं आणि रक्तातलं कॅल्शियम चढतं, मग ट्यूब्यूल्समध्ये, महाधमनीच्या भिंतीत क्षार साचतात. तेव्हा स्लाइडवर निळे-जांभळे दाणे दिसले तर तेही डिस्क्रिप्शनमध्ये घे.

आणि शेडमधले बरेच ससे दोन दिवसांत गेले हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. नाकातून रक्त आलं होतं का, लिव्हर कसं होतं, लस झाली होती का, हे कुणाला विचारता येईल का?

मेण_आणि_रंग:
मी हिस्टोपॅथ लॅबला टेक्निशियन आहे. स्पोर शोधायचे असतील तर एच अँड ई या नेहमीच्या रंगावर डोळे फोडू नका मॅडम, ते जेमतेम अडीच मायक्रॉनचे असतात आणि रंग नीट धरत नाहीत. त्याच ब्लॉकमधून चार-पाच कोरे सेक्शन कापून घ्या, एकावर ग्रॅमचा रंग करा, स्पोर जांभळे उठून दिसतात, टॉक्सोप्लाझ्मा हा दुसरा परजीवी ग्रॅमला रंग धरत नाही म्हणून तो प्रश्नही तिथेच मिटतो. मॉडिफाइड ट्रायक्रोम जमत असेल तर उत्तमच. सर म्हणतात ते ग्लोमेरुलाय बघताना गुलाबी काही सापडलं तर मार्शियस स्कार्लेट ब्लू हा रंग करून घ्या, फायब्रिन (रक्ताच्या गुठळीतलं प्रथिन) लाल येतं.

अजून एक मनापासून सांगतो, किडनी पाठवताना लोक कोपऱ्यातला कॉर्टेक्सचा तुकडा कापून पाठवतात, त्यात मेड्युला नसतोच. सशाच्या किडनीत पॅपिला, म्हणजे मेड्युलाचं टोक, एकच असतो, उभी चीर देऊन कॅप्सूलपासून पॅपिलापर्यंतचा पूर्ण काप घेतला तर सगळं एकाच स्लाइडवर येतं. जाडी अर्ध्या सेंटीमीटरच्या आत आणि फॉर्मेलिन दहापट. हे पाळलं तर आमचं निम्मं काम सोपं होतं हो.

काचपट्टी:
सर, बघितलं. आत्ताच लॅबमधून लिहितेय. मी ज्या भागाला नॉर्मल म्हणून पुढे सरकले होते त्याच भागात बऱ्याच ग्लोमेरुलायच्या केशवाहिन्यांमध्ये गुलाबी, एकसारखं, काचेसारखं काहीतरी भरलंय, त्यात पेशी नाहीत, काही ठिकाणी अख्खा टफ्ट त्याने फुगलाय. फायब्रिन थ्रॉम्बाय, म्हणजे फायब्रिनच्या गुठळ्या, ना हे? व्रणांच्या नादात मी इथे एकदाही चाळीसवर गेलेच नव्हते, हे जाणवून खूप अस्वस्थ झालेय. शेजारच्या ट्यूब्यूल्समध्ये न्यूक्लिअस फिके पडलेत, ते नेक्रोसिस (जिवंतपणी मेलेल्या पेशी) की ऑटोलिसिस (मेल्यानंतरचं सडणं) हेही कळत नाहीये.

डॉक्टर ताई, विचारलं मी, एका सशाच्या नाकाला रक्त होतं म्हणे. लस नव्हती झालेली.

जुना_पॅथॉलॉजिस्ट:
हो, फायब्रिन थ्रॉम्बायच. हेच त्या रात्रीचं. डिसेमिनेटेड इंट्राव्हॅस्क्युलर कोअ‍ॅग्युलेशन, म्हणजे अंगभर रक्तवाहिन्यांत गुठळ्या, झालंय, आणि ससा अचानक गेलेला, शेडमध्ये साथ, नाकाला रक्त, लस नाही, एवढं सगळं एकत्र आलं की रॅबिट हेमोरेजिक डिसीज (आरएचडी), सशांचा विषाणूजन्य रोग, यादीत सगळ्यात वर. मात्र थ्रॉम्बाय सेप्टिसीमियातही होतात, म्हणून नुसत्या किडनीवरून नाव घेऊन मोकळं होऊ नकोस. खरा रोग लिव्हरमध्ये असतो, पेरिपोर्टल भागापासून पसरलेला हेपॅटोसाइट्सचा नेक्रोसिस, नुसत्या डोळ्यांनी बघितलं तरी लिव्हर फिकट आणि जाळीदार दिसतं. लिव्हरचा ताजा तुकडा आरटी-पीसीआरला गेला पाहिजे. हा विषाणू सेल कल्चरमध्ये नेहमीसारखा वाढवता येत नाही, म्हणून पूर्वी लिव्हरचा अर्क माणसाच्या ओ गटाच्या लाल पेशींवर घालून हिमॅग्लुटिनेशन बघायचे.

1984 ला चीनमध्ये अंगोरा सशांमध्ये हा पहिल्यांदा दिसला. 2010 ला फ्रान्समध्ये दुसरा प्रकार आला, आरएचडीव्ही 2, तो जास्त घातक अशासाठी की जुना प्रकार अगदी लहान पिल्लांना सोडून द्यायचा, हा त्यांनाही धरतो, आणि जुन्या लसीने त्याच्यापासून पुरेसं संरक्षण मिळत नाही. मॉडरेटरने विचारलं तर एवढं यायला हवं.

ऑटोलिसिसचं म्हणशील तर किडनीत ट्यूब्यूल्स फार लवकर सडतात, त्यात सशाच्या अंगावर दाट केस, मेल्यावरही उष्णता आत कोंडून राहते. बदल सगळीकडे सारखा पसरलेला असेल, लाल पेशीसुद्धा फिक्या पडल्या असतील तर ऑटोलिसिस. काही ट्यूब्यूल्स मेलेल्या आणि शेजारच्या चांगल्या, आत कास्ट किंवा मिटोसिस, असं असेल तर नेक्रोसिस. ठरत नसेल तर ठरत नाही असंच लिही, त्यात काही कमीपणा नाही.

डायग्नोसिस दोन ओळीत दे. पहिली ओळ ग्लोमेरुलर फायब्रिन थ्रॉम्बाय, अ‍ॅक्यूट, पसरलेले. दुसरी ओळ तुझा जुना नेफ्रायटिस, आणि त्यापुढे "क्युनिक्युलीशी सुसंगत" एवढंच, कारण जीव दिसलेला नाही.

ससेवाली_डॉक्टर:
आरएचडीचा संशय आला की स्लाइड मागे आणि जिवंत ससे पुढे. शेडमधून ससे, गवत, पिंजरे काहीच बाहेर हलवू देऊ नका, हा विषाणू वाळलेल्या अवस्थेतही बरेच आठवडे टिकतो, कपडे, बूट, माश्या सगळ्यांवरून जातो. बऱ्याच देशांत हा कळवण्याजोगा रोग आहे, तेव्हा तुमच्या गाइडना आजच सांगा, परवाची वाट बघू नका. प्लीज.

बोका_प्रेमी:
सशाचं मला फार कळत नाही पण याच कॉन्फरन्सच्या बाकीच्या किडन्यांसाठी थोडं. मांजराच्या स्लाइडवर ट्यूब्यूल्स मेलेल्या दिसल्या की आधी पोलराइझर सरकवा, पंख्यासारखे चमकणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे ढीग दिसले तर इथिलिन ग्लायकॉल, काहीच चमकलं नाही तर लिली खाल्लीये का ते विचारा. अ‍ॅबिसिनियन मांजरात अमायलॉइड बहुतेक मेड्युलात असतं, वर टेक्निशियन दादा म्हणाले तेच, मेड्युला नसेल तर चुकलंच.

काचपट्टी:
कॉन्फरन्स झाली. गाइडना त्याच संध्याकाळी सांगितलं होतं, त्यांनी केस पाठवणाऱ्यांना फोन लावला तेव्हा कळलं की त्यांनाही तोच संशय होता आणि उरलेले ससे आधीच वेगळे ठेवलेत. मी दोन ओळींचं डायग्नोसिस दिलं, आधी थ्रॉम्बाय मग व्रण. मॉडरेटरनी क्रम असाच का ते विचारलं, मी हिस्ट्रीवरून सांगितलं, मग त्यांनी लिव्हरची स्लाइड पडद्यावर लावली. पोर्टल ट्रायडभोवती हेपॅटोसाइट्स गुलाबी होऊन सुटे सुटे पडलेले, मधे सेंट्रल व्हेनजवळ तेवढे थोडे शाबूत. पीसीआर आरएचडीव्ही 2 ला पॉझिटिव्ह होतं.

स्पोर किडनीत शेवटपर्यंत सापडले नाहीत, ग्रॅमलाही नाही. पण त्याच सशाच्या मेंदूचा ब्लॉक शिल्लक आहे असं कळलं आणि गाइडनी तो मागवलाय. दादा, किती लेव्हल्स, म्हणजे ब्लॉकमध्ये किती खोलींवरचे काप, कापायला सांगू?

मेण_आणि_रंग:
किमान सहा तरी सांगा मॅडम, प्रत्येक लेव्हलमध्ये पन्नास मायक्रॉन सोडून. आणि मधले कोरे सेक्शन फेकू देऊ नका, ग्रॅमला तेच लागतील.