मदत हवी आहे: १६:८ नीट चालू आहे, तरी होळीपासून वजन अडलंय

नमस्कार मंडळी,

मालवणजवळ आमची घरगुती खानावळ आहे, शिवाय पाहुण्यांसाठी दोन खोल्या. वय ४४, उंची १५७ सेंमी. मार्गशीर्ष संपला तेव्हा वजन ७८ होतं. तेव्हापासून १६:८ करतेय, म्हणजे सकाळी ११ ते संध्याकाळी ७ एवढ्यातच खायचं, बाकी वेळ पाणी आणि कोरा चहा. होळीपर्यंत सात किलो उतरले. त्यानंतर काटा ७१ वर जो बसलाय तो बसलाच. कधी ७०.६ दाखवतो, कधी ७१.८, की परत ७१. मे महिन्याची गर्दी येऊन गेली, पाऊस लागला, बोटी किनाऱ्याला लागल्या, पण काट्याला कशाचंच काही नाही.

"नक्की काय खाता?" हा पहिला प्रश्न येणार, म्हणून आधीच सांगते. अकराला दोन घावणे किंवा एक तांदळाची भाकरी, सोबत उसळ नाहीतर चटणी. पाहुण्यांची जेवणं उरकली की साडेतीनच्या सुमारास माझं मुख्य जेवण: उकड्या तांदळाचा भात, माशाचं सार, तळलेली एखादी तुकडी, वाटीभर सोलकढी. पावणेसातला दुधाचा चहा बिनसाखरेचा, मूठभर काजू किंवा एखादं फळ. सकाळची पेज पूर्ण बंद केली, आणि खरं सांगायचं तर या सगळ्यात जीव तुटला तो फक्त पेजेसाठी. मीठ-तिखटाची चव मी बघत नाही, ते खातं जाऊबाईंकडे दिलंय. (त्यांचं वजन वाढलं तर तो धागा त्या काढतील.)

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं उपास सकाळी जड जात असेल. तसं नाही. आमच्याकडे खरी परीक्षा रात्री नऊला. तव्यावर रव्यात घोळवलेली सुरमई चुरचुरत असते, तिरफळाचा वास नाकात, बाहेरून "ताई, अजून एक तुकडी" असा आवाज येतो आणि आपण दोन तास आधी तोंड धुऊन बसलेलो. हे मी सगळ्या सिझनभर निभावलंय. म्हणून "मनावर ताबा ठेवा" या जातीचा सल्ला कृपया नको.

तपासण्या झाल्यात. थायरॉइड ठीक आहे, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९, म्हणजे मधुमेह नाही पण उंबरठ्यावर. आईला मधुमेह होता, म्हणून तर हे सगळं सुरू केलं. औषध कुठलंच चालू नाही. पाळी गेल्या वर्षापासून पुढेमागे होतेय.

सासूबाईंचं रोजचं पालुपद आहे, "किती वाळलंस गो, काय खातंस की नाय?" आणि काटा म्हणतो ७१. दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलतंय.

आता विचारायचं ते असं. तास आणखी कमी करू का, १८:६ किंवा २०:४? आमच्या वाडीत दीक्षित पद्धतीने दोनदाच जेवणारे बरेच आहेत, त्यांचं म्हणणं की ११ ते ७ मध्ये तीनदा तोंड हलतं तेच चुकतंय, दोन जेवणं ५५-५५ मिनिटांत उरकायची आणि मध्ये काही नाही. उलट एक पाहुण्या बाई सांगून गेल्या की आठवडाभर पोटभर खा, शरीर "उठतं". दोन्ही ऐकून डोकं फिरलंय. शिवाय पुढे श्रावण आहे, मासे बंद, नि त्याच्यामागून गणपती. हे सोडून द्यायचं नाहीये, पण रोज सकाळी काट्यावर चढून दिवसाची सुरुवात रागाने होते, त्याचा कंटाळा आलाय.

ज्यांचं असं महिनोन्महिने अडलं आणि पुढे सुटलं, त्यांनी काय बदललं ते सांगा.

भाट्याची वाळू
मी ८४ वर अडकलोय. उत्तर नाही, पण धागा धरून बसतो.

आकडेमोड
ताई, आधी ते सात किलो. ते सगळे चरबीचे नव्हते. शरीरात साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात, त्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी साठून राहतं. खाणं आवरलं की पहिल्या काही आठवड्यांत तो साठा कमी होतो आणि पाणी निघून जातं. सगळ्यांचाच काटा सुरुवातीला धावतो तो यामुळे. नंतरचा वेग हाच खरा वेग.

दुसरं, ७८ किलोचं शरीर नुसतं पडून राहिलं तरी जेवढं जाळतं तेवढं ७१ किलोचं जाळत नाही. मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रात तुमची उंची आणि वय घालून बघितलं: आधी दिवसाला १३८० कॅलरी, आता १३१०. उठबस धरली तर फरक शंभरच्या आसपास. त्यात वजन उतरल्यावर शरीर थोडं काटकसरीने वागायला लागतं, आपल्या नकळत हालचालही कमी होते. म्हणजे मार्गशीर्षानंतर ज्या ताटाने वजन उतरत होतं, तेच ताट आज तुम्हाला जेमतेम जागेवर ठेवतंय. तुमचं शरीर बिघडलेलं नाही, हिशेब जुळलाय फक्त.

शंभर कॅलरी म्हणजे किती? तीस ग्रॅम ओलं खोबरं. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण साडेतीनशे कॅलरी. तुमच्या यादीत चटणीत खोबरं, सारात वाटप, सोलकढीत नारळाचं दूध आहे, म्हणजे एका दिवसात तीनदा. वर काजू, दहा दाणे म्हणजे ऐंशी-नव्वद. तुमची मूठ केवढी ते तुम्हालाच ठाऊक.

उपाशी वाघ
सरळ २०:४ करा, आणि महिन्यातून एकदा ७२ तास फक्त पाण्यावर. ऑटोफॅजीला नोबेल मिळालंय, उगीच नाही. माझे अकरा किलो गेले.

आकडेमोड
@वाघ, नोबेल २०१६ चं, योशिनोरी ओसुमींना, आणि काम मुख्यतः यीस्टच्या पेशींवरचं. पेशी आपला कचरा कसा मोडीत काढते त्याबद्दल ते होतं, वजन कमी करण्याबद्दल नव्हतं. रात्री दहापर्यंत चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या बाईला ७२ तास उपाशी ठेवायचा सल्ला देऊ नका हो. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल तर डॉक्टरांना न विचारता १६ तासही नको, साखर एकदम खाली जाऊ शकते.

तास कमी करण्याबद्दल एक चांगला अभ्यास आहे, २०२२ सालचा, चीनमधल्या ग्वांगझूचा. १३९ स्थूल माणसं, पूर्ण वर्षभर. दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच मोजून दिल्या, फक्त एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ मध्येच खायचं. वर्षाअखेरीस वेळ पाळणाऱ्यांचे सरासरी ८ किलो उतरले, दुसऱ्यांचे ६.३, आणि हा फरक योगायोगाने पडू शकेल एवढाच होता. घड्याळाचा उपयोग आहे, पण तो खाणं आपोआप आवरतं म्हणून. आवरून झाल्यावर घड्याळ आणखी पिळून फार काही निघत नाही. दीक्षित पद्धतीत मधलं खाणं बंद होतं, ते ज्यांचं मधलंच जास्त होतं त्यांना लागू पडतं. तुमचं मधलं म्हणजे चहा आणि काजू. काजू तेवढे उचला बाजूला.

कुळथाची पिठी
वयनी, मी वेंगुर्ल्याची. वरच्या दादांचा हिशेब पटला, पण त्यांनी प्रोटीन विचारलंच नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशेबाने दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला दिवसाला साठच्या आसपास. वजन उतरवताना थोडं जास्तच बरं, नाहीतर चरबीबरोबर स्नायू जातात आणि मग शरीर आणखी कमी जाळतं. तुमच्या ताटात तळलेली "एखादी तुकडी" आहे. १०० ग्रॅम बांगड्यात १९-२० ग्रॅम प्रोटीन असतं, पण तुमची तुकडी ५०-६० ग्रॅमची असेल तर त्यात दहाच. अकराच्या घावण्यांत जवळजवळ काहीच नाही. पाहुण्यांना चार तुकड्या वाढणारी बाई स्वतः शेपटीकडची एक घेते, हे आमच्या आईचंही तसंच.

तुकड्या दोन घ्या, भात एक डाव कमी. पिठी सगळ्यांना फार पौष्टिक वाटते (माझं नावच तेच), कुळथात १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रोटीन खरंच असतं, पण वाटीभर पिठीत पीठ पडतं वीस-पंचवीस ग्रॅम. म्हणजे साडेचार-साडेपाच. कुळथाची घट्ट उसळ करा, त्यात जास्त जातं. अकराला दोन अंडी घेतली तर तिथेच बारा.

आणि ताई, पावसात सध्या काय चाललंय, सुका बांगडा, खारवलेलं? मिठाने पाणी धरून ठेवतं शरीर. आदल्या रात्री खारं खाल्लं की सकाळी काटा किलोभर वर. शिफारस दिवसाला ५ ग्रॅम मिठाची, ती सुक्या माशाच्या एका जेवणात सहज ओलांडते. पाळी पुढेमागे होतेय म्हणता, त्या दिवसांतही पाणी साठतं. रोजचा आकडा बघून रागावण्यात अर्थ नाही. आठवड्याची सरासरी काढा, आणि शक्य असेल तर महिन्यातल्या त्याच दिवसांशी ताडून बघा.

मूळ धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. एकेक घेते.

नारळाबद्दल वाचून पहिल्यांदा रागच आला. नारळाशिवाय मालवणी जेवण करायचं तर घाटावर जाऊन राहते. मग रात्री स्वतःसाठी म्हणून वाटप वेगळं काढून तोलून बघितलं, स्वयंपाकाच्या काट्यावर. सारासाठी माझ्या वाटणीचं पंचेचाळीस ग्रॅम भरलं. सोलकढी त्यात धरलेली नाही. आमच्या चवीत खोबरं आहे हे माहीत होतं, पण ते असं ग्रॅममध्ये ताटलीत पडलेलं कधी बघितलं नव्हतं.

सुका बांगडा, गोलमा, सुकट, सगळं चालू आहे, रोज. १ जूनपासून मासेमारीला बंदी म्हटल्यावर दुसरं काय?

मे महिन्यात झोप चार-पाच तास होती, हे लिहायचं राहिलं. आता सात तास होते, पण हालचाल नाही. सिझनला चौदा तास पायावर असते, पावसात पडवीत बसून काजू सोलते. सोललेले काजू जवळ, बाहेर धो धो, तुम्हीच सांगा.

कुळथाची पिठी
बंदी यांत्रिक बोटींना आहे, खाडीतलं येतंच की थोडंफार. महाग मिळतं, पण स्वतःपुरतं घ्या. सुकट धुऊन, दोन पाण्यांत भिजवून करा, खारटपणा बराच जातो. आणि सोडे घ्या, ते खारवलेले नसतील तर उत्तम.

झोपेचं लिहिलंत ते बरं केलंत. झोप कमी की भूक जास्त, हे सरळ गणित आहे. म्हणजे मे महिन्यात चौदा तास उभं राहूनही का उतरलं नाही त्याचं थोडं उत्तर तिथे असेल.

आकडेमोड
त्या पाहुण्या बाईंचंही पूर्ण चुकीचं नाही. अधूनमधून एक-दोन आठवडे वजन टिकेल एवढं खायचं, याला डाएट ब्रेक म्हणतात. त्याने चयापचय "उठतं" वगैरे नाही, पण माणूस दमलेला असेल तर पुढे टिकून राहायला मदत होते. "पोटभर" म्हणजे गणपतीतल्या मोदकांएवढं नव्हे. तुमच्या बाबतीत मी गणपतीचे दिवसच ब्रेक म्हणून धरीन. वजन टिकवायचं, उतरवायचं नाही, आणि मोदक मोजून दोन.

कमरेचं माप आहे का? बायकांसाठी आपल्याकडे ८० सेंमी ही मर्यादा धरतात. काट्यापेक्षा ते जास्त बोलतं, तुमच्या एचबीएवनसीसाठी तर नक्कीच.

मूळ धागाकर्ती
माप होतं, फाइलमध्ये. सुरुवातीला ९८, होळीच्या वेळी ९२. आत्ता टेप लावली, ८९. सासूबाईंना सांगितलं नाही.

आकडेमोड
तीन सेंमीचा फरक ताणलेली किंवा सैल टेपही देऊ शकते, म्हणून बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, त्याच टेपने परत घ्या. पण खरं असेल तर होळीपासून काहीच झालं नाही असं म्हणता येणार नाही. काटा हलला नाही, एवढंच. बाय द वे, काटा कुठे ठेवता? जांभ्याच्या फरशीवर असेल तर दर वेळी वेगळं दाखवेल.

मूळ धागाकर्ती
पडवीत होता. आता स्वयंपाकघरात लादीवर ठेवलाय, आणि फक्त रविवारी चढणार.

तूर्त ठरवलेलं असं: तास ११ ते ७ तेच, २०:४ नाही. माझ्यापुरतं सार बिनखोबऱ्याच्या तिखल्यासारखं, सोलकढी एक दिवसाआड, किंवा नारळाच्या दुधाशिवाय नुसती कोकमाची. अकराला अंडी. काजू सोलायचं काम जाऊबाईंकडे. पाऊस उघडला की बंदरापर्यंत चालत जाऊन यायचं, नाहीतर घरातच जिन्यावर वर-खाली. दिवाळीनंतर एचबीएवनसी परत करून इथे टाकते.

एक अडलंय अजून. श्रावणात मासे, अंडी दोन्ही बंद, घरात कुणाला पटणार नाही मी एकटीने खाल्लेलं. डाळ-उसळींवर साठ ग्रॅम कसं जमवायचं? पनीर इथे ताजं मिळत नाही.

भाट्याची वाळू
सोयाबीनच्या वड्या. ५० ग्रॅम कोरड्या वड्यांत पंचवीसच्या वर प्रोटीन, किराणा दुकानात मिळतात, गरम मसाल्यात सुक्या केल्या की खाववतात. एवढंच माहीत आहे मला, पण हे नक्की माहीत आहे.