शब्दचर्चा: झोडपलेल्या लाडक्या चित्रपटाची पाठराखण, समर्थन, कैवार की भलामण?

गोदाकाठ

फाळक्यांच्या स्मृतिदिनी, १६ फेब्रुवारीला, नाशकात एक घरगुती स्वरूपाची बैठक ठरते आहे. समीक्षकांनी झोडपलेला पण आपल्याला मनापासून आवडणारा एक चित्रपट प्रत्येकाने निवडायचा आणि दहा मिनिटात त्याची बाजू मांडायची. पत्रकाचा मसुदा तयार आहे, मथळा अडला आहे. ‘नावडत्या चित्रपटांचे समर्थन’ असे सध्या लिहिले आहे. पाठराखण, कैवार, भलामण हेही सुचवले गेलेत. अर्थ एकच असेल तर कानाला गोड लागेल तो घेऊ. फरक असेल तर तो काय?

मुद्रितशोधक

फरक आहे, आणि तो बोलणाऱ्याच्या पहिल्या वाक्यातच दिसेल.

समर्थन कृतीचे असते, निर्णयाचे असते, ठरावाचे असते. त्यात कारणे द्यावी लागतात आणि ती पटावी लागतात. ‘मध्यंतरानंतरच्या त्या प्रसंगाचे समर्थन करता येत नाही’ हे चांगले मराठी. अख्ख्या चित्रपटाचे समर्थन म्हटले की तो सभेपुढे मांडलेला ठराव वाटायला लागतो.

कैवार दुबळ्याचा. दीनांचा कैवारी म्हणतो, तसा. शिवाय कैवार ‘घेतात’, ‘करत’ नाहीत; ‘कैवार केला’ छापून येते ते चूक. ‘शोले’वर १९७५ साली सुरुवातीच्या परीक्षणांत बरीच टीका झाली, पण पुढे तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला. त्याचा कोणी कैवार घेतो म्हणाले तर हसूच येईल. आठवडाभरात थिएटरातून उतरलेल्या चित्रपटाचा कैवार मात्र शोभतो.

भलामण हा शब्द गुजरातीत अजून स्वच्छ आहे, तिथे त्याचा अर्थ साधी शिफारस. मराठीत त्याला डाग लागला. ओळखीपोटी किंवा मतलबाने केलेली स्तुती असाच वास येतो. दुसऱ्याने केली तर ती भलामण. स्वतःच्या पत्रकात कोणी लिहू नये. तरफदारीचेही तेच. तरफ म्हणजे बाजू, त्यामुळे शब्दात अर्थ ‘बाजू घेणे’ एवढाच, पण वापरात तो पक्षपाताचा आरोप झाला आहे.

पाठराखण मात्र नेमका बसतो. लग्नानंतर नवरीसोबत सासरी जाते ती पाठराखीण. ती नवरीचे गुण गात फिरत नाही. परक्या घरात नवरी एकटी पडू नये म्हणून ती मागे असते, एवढेच. चित्रपट उत्तम आहे असा दावा न करता त्याच्यामागे उभे राहायचे असेल तर याहून चांगला शब्द नाही.

पहिला खेळ

रदबदली राहिली.

मुद्रितशोधक

ती इथे चालणार नाही. रदबदलीला तिसरा लागतो, ज्याच्या हातात निर्णय आहे असा. सेन्सॉरकडे एखाद्या दृश्यासाठी रदबदली करता येईल. समीक्षकाकडे कशाची करणार? त्याचे परीक्षण छापून झाले.

पहिला खेळ

मग मथळ्यातला ‘नावडत्या’ही काढा. नावडता कोणाला? बोलणाऱ्याला तर तो आवडतोच. नावडतीचे मीठ अळणी, हे समीक्षकाचे झाले. बोलणाऱ्याची बाजू म्हणजे आपला तो बाब्या. म्हणून ‘लाडका’ हवा. आवडता आणि लाडका यांतही फरक आहे: आवडता गुण पाहून ठरतो, लाडका दोष दिसत असूनही राहतो. ‘आवडत्या चित्रपटाची पाठराखण’ म्हटले तर कोणी एखादा सर्वमान्य अभिजात चित्रपट घेऊन येईल आणि दहा मिनिटे वाया जातील.

जुनी टॉकीज

त्याआधी ‘झोडपलेला’ म्हणजे काय ते पत्रकात स्पष्ट करा. लोक तीन गोष्टींची गल्लत करतात.

पडलेला: तिकिटे खपली नाहीत. आपटला, कोसळला हे त्याचेच मोठे भाऊ.
फसलेला: करायला गेले एक, झाले दुसरे. हा कलेचा निवाडा आहे, पैशांचा नाही.
झोडपलेला: परीक्षणे वाईट आली.

तिन्ही एकत्र असतीलच असे नाही. ‘माहेरची साडी’ (१९९१) तुफान चालला, आणि रडका म्हणून त्याची टिंगल आजही होते. त्याला पडलेला म्हणणे म्हणजे खोटेच बोलणे. ‘अंदाज अपना अपना’ (१९९४) तेव्हा तिकीटबारीवर फारसा चालला नाही, आज त्याचे संवाद लोकांना तोंडपाठ आहेत. तो पडलेला होता, फसलेला नव्हता. ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) पडला. चार तासांहून मोठा, दोन मध्यंतरांचा. तो फसलेलाही आहे का, यावर दहा मिनिटे खुशाल बोला, पण बोलणाऱ्याने आधी ठरवावे की उत्तर कोणत्या आरोपाला देतो आहोत. परीक्षण म्हणते ‘फसला’ आणि पाठराखणारा सांगतो ‘पण पन्नास आठवडे चालला’. हे उत्तरच नव्हे. गल्ला हा फसल्याच्या आरोपावरचा पुरावा होत नाही.

‘डब्यात गेला’ हा शब्दप्रयोगही जपून वापरा. ३५ मिलिमीटरची हजार फुटी रिळे पत्र्याच्या डब्यात ठेवत. एक रीळ साधारण ११ मिनिटांचे, म्हणजे तीन तासांच्या चित्रपटाला सोळा-सतरा रिळे. खेळ बंद पडला की रिळे परत डब्यात, म्हणून पडलेला चित्रपट डब्यात गेला. पण तयार होऊन कधी लागलाच नाही, तोही डब्यातच पडून असतो. ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो.

इगतपुरीकर

झोडपण्यावरून एक. आमच्या पट्ट्यात भाताची झोडणी असते. पेंडी दोन्ही हातांनी धरून फळीवर किंवा दगडावर आपटायची. दाणा खाली पडतो, पेंढा हातात राहतो. मग वाऱ्यावर उफणायचे की पोचट दाणा उडून जातो. झोडण्याचा हेतू दाणा हाती लागावा हाच असतो. परीक्षणाने नुसतेच झोडले आणि दाणा दाखवलाच नाही, तर ती झोडणी अर्धीच. पाठराखणाऱ्याने उरलेले काम करावे, म्हणजे उफणून दाखवावे. (‘पोचट’ हा विशेषणासारखा वापरतात तोही याच खळ्यावरचा.)

पहिला खेळ

वा. आणि वाभाडे?

मुद्रितशोधक

वाभाडा म्हणजे मोठी फाट, चिंधडी. चित्रपट या शब्दातच पट, म्हणजे कापड आहे, त्यामुळे त्याचे वाभाडे निघणे ठीकच. पिसे काढणेही चालेल. खरडपट्टी मात्र चित्रपटाची होत नाही, माणसाची होते, तीही समोर उभे करून. दिग्दर्शकाची खरडपट्टी निर्माता काढेल. ताशेरे ओढतात किंवा झाडतात, ‘मारत’ नाहीत. मारतात ते शेरे. तसेही ताशेऱ्यांना न्यायासनाचा रुबाब आहे. शुक्रवारच्या परीक्षणाला इतका मान कशाला?

गोदाकाठ

हे उपयोगी आहे. पण प्रत्यक्ष बोलताना लोक अडखळतात ते शब्दांपेक्षा वाक्यात. ‘चित्रपट लांबला आहे, पण…’ म्हणून सुरुवात करतात आणि सगळे बचावाचे भाषण होते.

मुद्रितशोधक

यात मराठीची अव्यये फार कामाची आहेत. परीक्षणे लिहिणारे ती बरोबर वापरतात, पाठराखणारे विसरतात.

पहिले, ‘पण’. त्याच्यानंतर येणारा भाग जिंकतो. ‘गाणी गोड आहेत, पण कथा विस्कळीत’ आणि ‘कथा विस्कळीत आहे, पण गाणी गोड’ यांत माहिती तीच, निकाल उलटा. परीक्षणातले असे वाक्य घ्या, त्यातला एकही शब्द न बदलता बाजू फिरवा. अर्धी पाठराखण इथेच होते, आणि समीक्षकाला खोटे पाडावेही लागत नाही.

दुसरे, ‘च’ची जागा. ‘गाणी चांगलीच आहेत’ ही स्तुती. ‘गाणीच चांगली आहेत’ म्हणजे बाकी सगळे वाईट. बोलताना हा ‘च’ भलत्या शब्दाला चिकटला की बोलणारा आपल्याच चित्रपटाला झोडपतो. ‘गाणी तर चांगली आहेत’ याच्यातही बाकीचे सोडून दिल्याचा सूर आहे.

तिसरे, ‘आहे’ आणि ‘असेल’. ‘लांबला आहे, पण’ म्हणजे आरोप पूर्ण मान्य. ‘लांबला असेल, पण’ म्हणजे तुम्ही म्हणता म्हणून, वादापुरते. ‘लांबला असेना का’ म्हणजे आरोप मान्य, पण त्याने काही बिघडत नाही. खरी पाठराखण या तिसऱ्या रूपात आहे. मात्र दहा मिनिटांत ते एकदाच वापरावे. तीनदा आले की हट्ट वाटतो.

शेवटचे म्हणजे विशेषणे. ‘सुमार’, ‘बटबटीत’, ‘गल्लाभरू’, ‘तद्दन’ हे समीक्षकांचे नेहमीचे शिक्के. ‘तद्दन’ नकारालाच जोडला जातो, तद्दन फालतू, तद्दन खोटे. ‘तद्दन सुंदर’ कोणी म्हणत नाही. ‘सुमार’चे मूळ फारसी शुमार, म्हणजे गणती, ‘सुमारे दोनशे’ मधला तोच. मोजमापाचा शब्द आहे, तेव्हा उलट विचारता येते: कशाच्या मानाने सुमार? ‘बटबटीत’ला असे उत्तर नाही. तिथे दृश्यच समोर ठेवावे लागते: कोणता प्रसंग, त्यात कोण काय बोलते, कॅमेरा कुठे थांबतो. ‘एकंदरीत भावतो’ असे म्हटले की संपले.

जुनी टॉकीज

‘गल्लाभरू’ला उत्तर आहे. गल्ला भरणे हा दोष असेल तर जत्रेतले तंबू-सिनेमे सगळेच दोषी.

पहिला खेळ

हे बैठकीत टाळ्या घेईल, पण पुन्हा तेच झाले ना, गल्ल्याचा पुरावा.

जुनी टॉकीज

मान्य.

गंगेवरचा

मूळ घोळ ‘टीका’ शब्दात आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, शके १२१२ मधली. टीका म्हणजे अर्थ उलगडून सांगणे. त्र्यंबकेश्वरी निवृत्तीनाथांच्या समाधीला जाणाऱ्या वारकऱ्याला ‘टीका’ म्हटले की तेच आठवेल. आता टीका म्हणजे फक्त दोष दाखवणे उरले, आणि अर्थ उलगडायला ‘समीक्षा’ आणावी लागली. बैठकीत जे करायचे आहे ती जुन्या अर्थाने टीकाच.

मुद्रितशोधक

खरे, पण पत्रकात ‘लाडक्या चित्रपटांवर टीका’ छापले तर उलटेच लोक येतील.

इगतपुरीकर

आणि ‘गिल्टी प्लेजर’? निम्मी तरुण मंडळी तोच शब्द वापरतील.

पहिला खेळ

‘अपराधी आनंद’ असे शब्दशः करू नका, ते कोणी बोलत नाही. मराठीत त्या भावनेत अपराधापेक्षा लाज आहे. ‘चोरटी आवड’ म्हणा, चोरटा कटाक्ष म्हणतो तसे. पण एक लक्षात घ्या, चोरटी आवड आणि पाठराखण एका माणसाकडे एकाच वेळी राहू शकत नाहीत. चारचौघांत उभे राहून बोलला की चोरटेपण गेले.

गंगेवरचा

आपल्याच जिल्ह्यात मालेगावला ‘शोले’चे विडंबन निघाले, ‘मालेगाव के शोले’. तेही लाडाचेच काम. विडंबनासाठी मूळ चित्रपट दृश्यागणिक पाठ असावा लागतो. टवाळीला तेवढी तयारी लागत नाही.

गोदाकाठ

मथळा असा करतो: ‘झोडपलेल्या लाडक्या चित्रपटाची पाठराखण’. खाली एक ओळ: ‘प्रत्येकी दहा मिनिटात. परीक्षणातले एक वाक्य आणि चित्रपटातले एक दृश्य सोबत आणावे.’

मुद्रितशोधक

चांगले. फक्त ‘दहा मिनिटात’ नको. तुमच्या पहिल्या मजकुरातही तेच आहे. मिनिटे दहा आहेत, अनेकवचन आहे, म्हणून ‘मिनिटांत’. आणि ‘प्रत्येकी’ असल्यावर ‘त’चीही गरज नाही: ‘प्रत्येकी दहा मिनिटे’.